दात गेला, इम्प्लांट करायचा आहे: पहिल्या भेटीपासून पक्क्या दातापर्यंत

दातांच्या दवाखान्यात माझं टेबल डॉक्टरांच्या खोलीबाहेर आहे. डॉक्टर तपासतात, काय करायचं ते ठरवतात आणि मग पेशंट कागद घेऊन माझ्यासमोर बसतात. "ताई, आता नीट सांगा, नक्की काय करणार आहेत? आणि एवढे पैसे कशाचे?" हा लेख म्हणजे रोजचं तेच बोलणं, जरा सविस्तर. मी दंतवैद्य नाही, त्यामुळे तुमच्या तोंडात काय करावं हे मी सांगणार नाही. कोणत्या क्रमाने काय होतं, कुठे काय विचारायचं आणि कुठे घाई नडते, एवढं सांगते.

लोक सर्वांत जास्त चौकशी कंपनीची करतात. स्विस आहे का, कोरियन आहे का, "चांगल्यातला" कोणता. नावाजलेल्या कंपन्यांमध्ये फरक आहेत, पण इम्प्लांट टिकला की नाही याचा निकाल स्क्रूच्या नावावर क्वचितच लागतो. हाड किती शिल्लक आहे, हिरड्या कशा आहेत, साखर आटोक्यात आहे का, तंबाखू सुटली का आणि पुढे रोज त्या दाताभोवती ब्रश फिरतो का, यावर तो लागतो. म्हणजे अर्धं काम ऑपरेशनच्या आधी आणि अर्धं नंतर. मधला तासाभराचा भाग त्या मानाने सोपा.

आधी, तोंडात नक्की काय बसवतात

तीन भाग असतात. हाडात जातो तो टायटॅनियमचा स्क्रू. साधारण ३ ते ५ मिलिमीटर जाड आणि ८ ते १३ मिलिमीटर लांब. त्यावर बसतो तो जोड, ज्याला सगळे अबटमेंट म्हणतात. आणि वर दिसते ती कॅप, म्हणजे दात. बोलताना आपण तिन्हींना मिळून 'इम्प्लांट' म्हणतो, आणि बिलावरून होणारे निम्मे वाद तिथूनच सुरू होतात. त्याबद्दल पुढे.

हाड टायटॅनियमला परकं मानत नाही, त्याला घट्ट धरून वाढतं, हे स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांच्या लक्षात आलं ते १९५० च्या दशकात, सशांच्या हाडावर वेगळाच अभ्यास करताना. आत बसवलेली टायटॅनियमची नळी नंतर निघेचना. त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले १९६५ मध्ये. तो रुग्ण पुढे चाळीस वर्षांहून जास्त काळ त्यांच्यावर जेवला. "ताई, हे नवीन फॅड नाही ना?" असं कोणी विचारलं की मी हेच सांगते.

पायरी १: इम्प्लांटच हवा का, हे ठरवा

पर्याय चार असतात, आणि चौथा कोणी बोलून दाखवत नाही.

पहिला इम्प्लांट. दुसरा ब्रिज: शेजारचे दोन दात घासून त्यांच्यावर तीन दातांची जोडलेली कॅप. शेजारचे दात धडधाकट असतील तर ते घासायला जीव होत नाही; पण त्यांचं आधीच रूट कॅनाल झालेलं असेल आणि त्यांना कॅप लागणारच असेल, तर ब्रिज हा अगदी शहाणपणाचा पर्याय आहे. दोन-तीन आठवड्यांत काम संपतं, ऑपरेशन नाही. तिसरा पर्याय काढता-घालता येणारी कवळी. स्वस्त, पण एकदोन दातांसाठी ती वापरणारे बरेच जण शेवटी खिशात किंवा डबीतच ठेवतात. चौथा पर्याय म्हणजे काहीच न करणं. अगदी शेवटची दाढ गेली आहे, समोरचीही नाही, चावायला बाकीचे दात पुरतात, अशा वेळी डॉक्टर स्वतःच "राहू द्या" म्हणू शकतात. असं म्हणणारा डॉक्टर मिळाला तर तो सोडू नका.

मधली दाढ गेली असेल तर मात्र "राहू द्या" महागात पडतं. शेजारचे दात मोकळ्या जागेकडे कलतात, समोरच्या जबड्यातला दात हळूहळू त्या फटीत उतरतो. पाच वर्षांनी इम्प्लांट करायला गेलात तर हाड असेल, पण कॅप बसवायला जागाच नसेल. एका नेहमीच्या इम्प्लांटला दोन दातांमध्ये सुमारे ७ मिलिमीटर जागा लागते.

यातली सर्वांत उपयोगी सूचना: दात अजून काढायचा असेल, तर इम्प्लांटचं काढण्याआधी विचारा. दात निघाल्यावर त्या जागेची हाडाची भिंत झिजायला लागते. पहिल्या वर्षात रुंदी जवळपास निम्म्यावर येऊ शकते, आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. आधी ठरलेलं असेल तर डॉक्टर दात जपून, भिंत न फोडता काढतात. कधी त्याच खड्ड्यात लगेच इम्प्लांट बसतो, कधी खड्डा हाडाच्या पावडरने भरून ठेवतात. "आधी काढून टाकू, मग बघू निवांत" हे वाक्य आमच्याकडे रोज ऐकू येतं. त्या निवांतपणाची किंमत पुढे ग्राफ्टच्या, म्हणजे हाडाची भर घालण्याच्या, बिलात दिसते.

पायरी २: आपल्या तब्येतीचा कागद घरीच तयार करा

दवाखान्यात फॉर्मवर "बीपी, शुगर, अन्य आजार" अशा चौकटी असतात आणि लोक भराभर "नाही" लिहून मोकळे होतात. म्हणून हा कागद घरी, औषधांचा डबा समोर घेऊन लिहा.

साखर. उपाशीपोटीचा एकच आकडा पुरत नाही. गेल्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी करून न्या. ७ च्या आसपास असेल तर सहसा अडचण येत नाही. ८ च्या वर असेल तर बहुतेक डॉक्टर आधी फिजिशियनकडे पाठवतात. ते तुम्हाला टाळत नाहीत, जखम भरून येण्याची काळजी घेतात.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. अँजिओप्लास्टी झालेल्या काकांनी दाताच्या ऑपरेशनसाठी आपल्याच मनाने गोळी बंद केली, हे दर महिन्याला एकदा तरी घडतं. असं करू नका. एका इम्प्लांटसाठी ती गोळी बहुधा बंद करावी लागतही नाही, आणि बंद करायची असेल तर ते हृदयाचे डॉक्टर ठरवतील.

हाडांची गोळी. हा मुद्दा बायकांच्या यादीतून हटकून सुटतो. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी किंवा वर्षातून एकदा सलाइनमधून द्यायचं औषध चालू असतं. "ती तर गुडघ्या-कमरेसाठी आहे, दाताशी काय संबंध?" संबंध आहे. या गटातल्या औषधांमुळे जबड्याचं हाड ऑपरेशननंतर भरून न येण्याचा धोका क्वचित, पण खरा असतो. कॅन्सरसाठी हीच औषधं मोठ्या मात्रेत दिली असतील तर धोका आणखी वाढतो. कधीपासून घेताय, शेवटचा डोस कधी झाला, हे तारखेनिशी लिहा. तोंडाला किंवा मानेला रेडिएशन झालं असेल तर ते सगळ्यात आधी सांगा, दहा वर्षांपूर्वीचं असलं तरी.

तंबाखू. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि आमच्या कचऱ्याच्या डब्यात पुड्या रोज सापडतात, त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही. सिगरेट, बिडी, मळलेली तंबाखू, मावा, सगळं लिहा. आणि मिश्री. "तंबाखू खाता का?" म्हटलं की मावशी ठामपणे नाही म्हणतात; "मिश्री लावता का?" म्हटलं की "ती काय, सकाळी एकदा आणि जेवल्यावर." मिश्री ही भाजलेली तंबाखूच आहे आणि ती थेट हिरडीवर घासली जाते, म्हणजे इम्प्लांट जिथे बसायचा नेमक्या त्याच जागेवर. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये इम्प्लांट अपयशी ठरण्याचं प्रमाण न करणाऱ्यांपेक्षा जास्त असतं हे अनेक अभ्यासांत दिसलेलं आहे. सोडणं जमत नसेल तर खोटं सांगू नका. डॉक्टर त्याप्रमाणे बेत बदलतील किंवा ब्रिज सुचवतील.

सुपारी-गुटख्याने ज्यांचं तोंड आखडलं आहे त्यांनी एक साधी परीक्षा घरी करून पाहावी: स्वतःची तीन बोटं उभी, एकावर एक, तोंडात जातात का? जात नसतील तर मागच्या दाढेपर्यंत ड्रिल पोचवणंच अवघड असतं. आधी त्याचे उपचार.

वयाचं म्हणाल तर वरची मर्यादा नाही. सत्तरी ओलांडलेले, तब्येतीने बरे असलेले आजी-आजोबा छान निभावतात. खालची मर्यादा मात्र आहे: जबड्याची वाढ पूर्ण झाल्याशिवाय इम्प्लांट बसवत नाहीत. क्रिकेटचा बॉल लागून पंधरा वर्षांच्या मुलाचा पुढचा दात गेला, तर काही वर्षं तात्पुरत्या दातावर काढावी लागतात. इम्प्लांट हाडात आहे तिथेच राहतो आणि शेजारचे दात वाढीबरोबर पुढे सरकतात. मग तो दात आखूड दिसायला लागतो.

पायरी ३: डॉक्टर आणि स्कॅन

भारतात दंतवैद्याची पदवी बीडीएस आणि त्यापुढची पदव्युत्तर पदवी एमडीएस. इम्प्लांट हा एमडीएसचा स्वतंत्र विषय नाही. पाटीवर 'इम्प्लांटॉलॉजिस्ट' लिहिलेलं असतं तेव्हा त्या व्यक्तीने बीडीएस किंवा एमडीएसनंतर एखादा कोर्स किंवा फेलोशिप केलेली असते. तो कोर्स शनिवार-रविवारचा असू शकतो, वर्षभराचाही असू शकतो. म्हणून सरळ विचारा: शिक्षण काय, अशा केसेस किती वर्षं करताय, स्क्रू कोण बसवणार आणि कॅप कोण करणार. कृत्रिम दात, हिरड्या किंवा मुखशस्त्रक्रिया या विषयांतले एमडीएस हे काम प्रामुख्याने करतात, पण अनुभवी बीडीएस डॉक्टरही उत्तम करतात. राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावलेला असतो, तो पाहण्यात कसला संकोच?

स्कॅनचं नाव सीबीसीटी. साध्या एक्सरेत हाडाची उंची कळते, जाडी कळत नाही. या स्कॅनमध्ये दोन्ही कळतात. खालच्या जबड्यात ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस हाडाच्या आतून जाते, आणि इम्प्लांटचं टोक तिच्यापासून किमान २ मिलिमीटर लांब ठेवायचा दंडक आहे. वर, मागच्या दाढांच्या डोक्यावर सायनसची, म्हणजे नाकाशेजारची हवेची, पोकळी असते. दात जाऊन बरीच वर्षं झाली असतील तर तिच्याखाली हाडाचा पातळ थर उरतो. स्कॅन संगणकावर उघडून डॉक्टरांना विचारा, "नस कुठे आहे? सायनस कुठे?" बोट ठेवून दाखवतील. न दाखवता "आपण करून टाकू" म्हणाले तर दुसरं मत घ्या.

हिरड्यांचा आजार असेल तर आधी त्याची साफसफाई. हिरड्यांमुळे ज्याचे दात गेले त्याचे इम्प्लांटही त्याच वाटेने जाऊ शकतात, ही गोष्ट पेशंटना पटवून देणं सगळ्यात कठीण. त्यांना वाटतं, टायटॅनियमला काय होणार? टायटॅनियमला काही होत नाही, कीड लागत नाही. भोवतीचं हाड झिजतं.

पायरी ४: कोटेशन वाचायला शिका

माझा रोजचा भाग हाच. "इम्प्लांट फक्त १५ हजार" ही जाहिरात बहुतेक वेळा फक्त स्क्रूची असते. सगळं धरून एका दाताला महाराष्ट्रातल्या शहरांत ढोबळमानाने २५ हजारांपासून ६० हजारांपर्यंत खर्च सांगितला जातो. मोठ्या शहरातला महागडा दवाखाना आणि युरोपियन कंपनी असेल तर आणखी वर. लेखी घ्या, आणि त्यात या गोष्टी वेगवेगळ्या लिहून मागा: स्कॅन, दात काढणं, हाडाचा ग्राफ्ट लागला तर त्याचा खर्च, स्क्रू (कंपनी आणि मॉडेल), अबटमेंट, तात्पुरता दात, कायमची कॅप (कोणत्या प्रकारची), आणि शेवटी, स्क्रू हाडात जमलाच नाही तर पुन्हा बसवण्याचे किती घेणार.

"लाइफटाइम वॉरंटी" दिसली की लोकांचे डोळे चमकतात. ती कंपनीची असते आणि सहसा नवा स्क्रू मिळण्यापुरती. डॉक्टरांची फी, नवा ग्राफ्ट, नवी कॅप त्यात येतेच असं नाही. मेडिक्लेममध्येही अपघात सोडला तर दाताचा खर्च बहुतेक पॉलिसी देत नाहीत. कंपनीबद्दल माझं मत एवढंच, की स्ट्रॉमन, नोबेल बायोकेअर, ऑस्टेम, डेंटियम अशी जी नावं अनेक देशांत मिळतात, त्यांचे सुटे भाग दहा वर्षांनीही मिळण्याची शक्यता जास्त. स्क्रू मजबूत असून त्यात बसणारा जोड बाजारात नसणं, ही गत वाईट.

पैशांची ओढाताण असेल तर दंत महाविद्यालयं पाहा. मुंबईत शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय. तिथे पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. सामानाचा खर्च बहुधा आपला असतो आणि खेपा जास्त होतात, पण तपासणी निगुतीने होते. कुठल्या विभागात इम्प्लांट होतो आणि सध्या काय दर आहे, ते जाऊनच विचारा.

हाड कमी पडलं तर

ग्राफ्ट म्हणजे हाडाची भर. वर, सायनसचा पडदा उचलून खाली भर घालतात त्याला सायनस लिफ्ट म्हणतात. त्यात तीन ते नऊ महिने जास्तीचे धरा. आता एक गोष्ट, जी आपल्याकडे विचारायलाच हवी आणि विचारली जात नाही: ही पावडर कशाची? जगभर सर्रास वापरली जाणारी पावडर गाईगुरांच्या हाडापासून बनते, आणि वरून झाकायचा पडदा कधी गाईगुरांच्या, तर कधी डुकराच्या कोलॅजेनचा असतो. मानवी दात्याच्या हाडाची पावडरही मिळते. पूर्ण कृत्रिम पर्याय आहेत. स्वतःच्याच जबड्यातून थोडं हाड घेण्याचाही आहे. शाकाहारी किंवा धार्मिक कारणांनी ज्यांना हे चालत नाही, त्यांनी आधीच सांगावं. डॉक्टर रागावत नाहीत. ऑपरेशननंतर कळून मनाला लावून घेतलेली माणसं मी पाहिली आहेत.

पायरी ५: ऑपरेशनचा दिवस

पोटभर साधं जेवून या. उपाशी यायचं नसतं, भूल फक्त त्या जागेपुरती असते. नेहमीच्या गोळ्या सांगितल्याप्रमाणे घ्या. बरोबर कोणीतरी असू द्या.

आत काय होतं? इंजेक्शन, मग हिरडीला छेद, मग एकापाठोपाठ एक जाड होत जाणारी ड्रिल. दुखत नाही, पण कवटीत घरघर जाणवते आणि थंड सलाइनचं पाणी सतत घशाकडे येतं. घाबरणारे लोक दुखण्याला नव्हे, त्या पाण्यालाच घाबरतात. ते पाणी थांबवता येत नाही, कारण हाड ४७ अंशांच्या वर मिनिटभर तापलं तरी मरायला लागतं, आणि मेलेलं हाड स्क्रूला धरत नाही. नाकाने श्वास घ्या, हात वर करून थांबवायची खूण आधीच ठरवून ठेवा. शेवटी स्क्रू हाताने किंवा मोटरने अगदी सावकाश फिरवत बसवतात. एका इम्प्लांटला अर्धा ते एक तास. वर छोटं झाकण, कधी हिरडीतून दिसणारं, कधी टाक्यांखाली झाकलेलं.

बाहेर आल्यावर स्टिकर मागा. प्रत्येक इम्प्लांटच्या पाकिटावर कंपनी, माप आणि लॉट नंबरचं चिकटपट्टीचं लेबल असतं. एक दवाखान्याच्या फाइलला, एक तुमच्याजवळ राहणाऱ्या इम्प्लांटच्या कार्डाला. मोबाइलमध्ये फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकून ठेवा.

पायरी ६: पहिला आठवडा

त्या दिवशी बाहेरून बर्फ, थोड्या थोड्या वेळाने. चूळ जोरात भरायची नाही, थुंकायचं नाही, स्ट्रॉने काही प्यायचं नाही. नाहीतर आत जमलेली रक्ताची गाठ निघते. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलकी चूळ. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते आणि मग उतरते, त्यामुळे तिसऱ्या दिवशी आरसा पाहून फोन करणाऱ्यांना मी "आजच जास्त दिसणार होती" असंच सांगते.

खायला मुगाची मऊ खिचडी, वरणभात, ताक, शिरा, नाचणीची पेज, आणि पहिल्या दिवशी सगळं गार किंवा कोमट. भाकरी, चिवडा, शेंगदाणे काही दिवस नको. तीळ आणि खसखस विसरतात लोक. ते दाणे टाक्यात अडकतात. संक्रांतीच्या आठवड्यात ऑपरेशन ठरवू नये असं माझं वैयक्तिक मत.

लगेच फोन कधी करायचा? दुसऱ्या दिवशी भूल उतरूनही खालचा ओठ किंवा हनुवटी बधिरच वाटत असेल तर त्याच सकाळी. वाट पाहू नका, नसेवर दाब असेल तर वेळ महत्त्वाचा असतो. रक्त थांबत नसेल, ताप आला, तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर दुखणं कमी न होता वाढलं, तरीही लगेच फोन करा. सायनस लिफ्ट झाली असेल तर नाक शिंकरायचं नाही आणि शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची.

पायरी ७: थांबायचे महिने

स्क्रू हाडात जमायला खालच्या जबड्यात साधारण दोन ते तीन महिने लागतात, वरच्या जबड्यात तीन ते सहा. याच काळात लोक बिनधास्त होतात, आणि नेमके चुकीच्या वेळी. बसवला त्या दिवशी स्क्रू आटे रुतल्यामुळे घट्ट असतो. मग शरीर त्याच्या भोवतीचं जुनं हाड काढून नवं घालायला लागतं, आणि मधल्या काळात, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास, पकड तात्पुरती सैल होते. तेव्हा ना सूज असते ना दुखणं. टाके निघालेले असतात. लोक त्या बाजूने चकली चावतात आणि तंबाखू पुन्हा सुरू करतात. आधीच्या दोन आठवड्यांपेक्षा ते आठवडे जास्त जपायचे असतात.

पुढचा दात असेल तर तात्पुरता दात मिळतो. लग्नसराई असेल तर तारीख आधी सांगा. तो दिसण्यापुरता आहे, चावण्यासाठी नाही. काही केसेसमध्ये स्क्रू पुरेसा घट्ट बसला की त्याच दिवशी कॅप लावतात, पण ते डॉक्टर ऑपरेशनच्या वेळी ठरवतात. आधीपासून "त्याच दिवशी दात" असा शब्द कोणाकडून घेऊ नका.

पायरी ८: दात बसतो

झाकण काढून हिरडीला आकार देणारी छोटी टोपी लावतात, एकदोन आठवड्यांनी माप, मग लॅबमधून कॅप. इथे एक प्रश्न विचारा: कॅप स्क्रूने बसणार की सिमेंटने? सिमेंटची दिसायला सुबक होऊ शकते, पण हिरडीखाली सिमेंटचा कण राहिला तर तिथे सूज धरते. स्क्रूची असेल तर पुढे कधीही काढून साफ करता येते. स्क्रूच्या भोकात नळवाले वापरतात तीच पांढरी टेफ्लॉनची पट्टी भरतात आणि वर दाताच्या रंगाचं फिलिंग करतात. घट्ट करताना ठरावीक जोराला रेंच "कट्" असा आवाज करून सुटतो. त्या आवाजाला दचकू नका, काही मोडलेलं नसतं.

शेवटी रंगीत कागद चावायला देऊन कॅप घासतात. इम्प्लांटची कॅप मुद्दाम किंचित हलकी लागेल अशी ठेवतात, कारण खरा दात दाबाखाली थोडा दबतो, इम्प्लांट दबत नाही. "या बाजूने जरा कमी लागतंय" ही तक्रार म्हणून बहुतेक वेळा तक्रार नसते. झोपेत दात खाणाऱ्यांनी रात्रीचा गार्ड करून घ्यावा.

सगळेच दात गेले असतील तर

सगळे दात गेले म्हणजे सगळे इम्प्लांट, असं नसतं. वरची कवळी टाळूला धरून राहते, त्यामुळे बहुतेकांना चालते. त्रास खालच्या कवळीचा: बोलताना उचलली जाते, जेवताना खाली कण जातात. अशा आजी-आजोबांसाठी खालच्या जबड्यात पुढे दोनच इम्प्लांट आणि त्यांच्यावर टिचबटणासारखी बसणारी कवळी, हा पर्याय मला सगळ्यात जास्त पैसे वसूल करणारा वाटतो. तज्ज्ञांच्या एका गटाने २००२ मध्ये माँट्रियलला याच पर्यायाला खालच्या बिनदाती जबड्यासाठी पहिली पसंती दिली होती. रात्री काढून धुता येते, बोटांना संधिवात असला तरी साफ करता येते. आतलं रबर वर्षा-दोन वर्षांनी बदलावं लागतं, त्याला फार खर्च येत नाही.

न निघणारे पक्के दात हवे असतील तर चार ते सहा इम्प्लांटवर पूर्ण पंगत बसवतात. "तीन दिवसांत पक्के दात" च्या जाहिराती याच गिऱ्हाइकासाठी असतात. लगेच दात देण्याच्या पद्धती आहेत आणि योग्य हातांत चालतातही. पण विचारा: चारपैकी एक इम्प्लांट सुटला तर काय? आतून साफ कसं करायचं? पाच वर्षांपूर्वी केलेला एखादा पेशंट भेटू शकेल का? हॉलमध्ये शिबिर लावून त्याच दिवशी आगाऊ पैसे घेणाऱ्यांकडे या प्रश्नांना वेळ नसतो.

परदेशातून येणाऱ्यांसाठी

डिसेंबरच्या सुट्टीत अमेरिका-दुबईहून येणारे बरेच जण "तीन आठवड्यांत करून द्या" म्हणतात. एका खेपेत साधारणपणे स्क्रू बसतो, कॅप पुढच्या खेपेत. म्हणून दोन सुट्ट्या धरूनच बेत आखा. स्क्रू परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी नको, सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात बसवा, म्हणजे टाके इथेच निघतील. जिथे राहता तिथे ज्या कंपनीचे भाग मिळतात तीच निवडा. प्रत्येक कंपनीचा पेचकस वेगळा असतो. कॅप सैल झाली आणि तिथल्या डॉक्टरांना कंपनीच माहीत नसेल तर त्यांच्या हातात काहीच नाही. कार्ड पासपोर्टसोबत ठेवा.

पुढची वर्षं

चांगल्या प्रकारे केलेल्या इम्प्लांटपैकी शंभरातले सुमारे ९५ दहा वर्षांनंतरही जागेवर असतात. कॅप मात्र त्याआधी टवका उडून बदलावी लागू शकते.

रोज दोनदा मऊ ब्रश, हिरडीच्या कडेला तिरका धरून. शेजारच्या फटीत घालायचा छोटा बाटलीब्रश कोणत्या मापाचा घ्यायचा ते दवाखान्यातच दाखवून घ्या. औषधाच्या दुकानात अंदाजाने घेतलेला बहुधा जाड निघतो. काडीने, पिनेने कोरू नका. सहा महिन्यांनी तपासणी, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा एक्सरे, हाडाची पातळी मागच्या फोटोशी ताडून पाहायला. इम्प्लांटभोवतीचा आजार सुरुवातीला दुखत नाही. ब्रश करताना रक्त, दाबल्यावर पू, तोंडाला वास, एवढ्याच खुणा असतात.

दात हलतोय असं वाटलं तर दोन शक्यता: आतला स्क्रू हाडापासून सुटला, किंवा फक्त वरची कॅप धरणारा छोटा स्क्रू सैल झाला. दुसरीच जास्त वेळा निघते आणि ती दहा मिनिटांत घट्ट करून मिळते, पण तसंच महिनाभर चावत राहिलात तर तो छोटा स्क्रू आत तुटतो आणि काढायला जीव जातो. जिभेने हलवून पाहू नका, त्या बाजूने खाणं बंद करा, कार्ड घ्या आणि फोन करून या.